होय म्हणेपर्यंत

मित्रांनो, मला जुना म्हणा, मी रागावणार नाही. म्हातारा म्हणा, तेही चालेल. पण भंगार म्हणालात तर मात्र मी ऐकून घेणार नाही. माझा पांढरा रंग पिवळा पडला आहे, कळफलकावरची एक कळ कधीच निखळून गेली आहे आणि चालू होताना मी जिना चढून आल्यासारखा धापा टाकतो, हे सगळे खरे आहे. तरीही मी रोज कामावर हजर असतो. आणि माझे काम साधेसुधे नाही. माझे काम 'नाही' म्हणण्याचे आहे.

मी एक संगणक आहे. एका मोठ्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. माझ्या पुढे-मागे माझ्यासारखीच भावंडे ओळीने येत होती. कुणीतरी माझ्या पोटात हिरवी पाटी बसवली, कुणीतरी स्क्रू पिळले, आणि मला खोक्यात घालून त्यावर धावत्या चित्त्याचे चित्र चिकटवले. हसू नका. त्या काळी मी खरोखरच वेगवान म्हणून नावाजलेला होतो. तुमच्या आजोबांनीही कधीतरी शर्यत जिंकलेली असते.

मला एका चष्म्याच्या दुकानाने विकत घेतले. दुकानाच्या पुढच्या भागात आरसे, फ्रेमा आणि डोळे तपासायची उंच खुर्ची होती. मागच्या खोलीत काचा घासायचे यंत्र होते. त्यावर पाण्याची बारीक धार सतत पडे आणि खाली पांढरा चिखल साचे. त्या यंत्राशेजारच्या टेबलावर मला जागा मिळाली. दुकानाचे मालक, म्हणजे बाबा, गिऱ्हाइकांच्या चष्म्याचे नंबर माझ्यात दोन बोटांनी टाइप करत. दर शब्दानंतर मान वर करून तो उमटला की नाही ते पाहत. त्यांची मुलगी शाळेतून आली की बाबांना उठवून स्वतः बसे. ती दहाही बोटांनी टाइप करायची. तिने माझ्यावर लिहिलेला पहिला प्रोग्राम चहाची वेळ झाली की "बाबा, उठा" अशी अक्षरे पडद्यावर आणायचा. बाबा तरीही उठायचे नाहीत, हा भाग वेगळा.

मग दुकानात नवा संगणक आला. माझ्यावर फडके पडले. पुढची काही वर्षे मला फक्त घासयंत्राची घरघर ऐकू येत होती. फडक्याखाली बसून माणूस काय करील ते मी केले. मी मनातल्या मनात धुसफुसत राहिलो.

दरम्यान मुलगी मोठी झाली. ती आता दुकानात काचा घासायला बसत होती आणि हात मोकळे झाले की नव्या संगणकावर काहीतरी लिहीत होती. ते काय होते, ते तुम्हाला सांगायला हवे. आम्हा संगणकांची एक गोम आहे. आमच्यात एका घराण्याच्या संगणकाला दुसऱ्या घराण्याची बोली कळत नाही. एकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्यापुढे ठेवला तर तो ढिम्म बसून राहतो. म्हणून तिने एक सोपी भाषा रचली आणि ती सगळ्यांना समजावून सांगणारा एक मध्यस्थ बनवायला घेतला. हा मध्यस्थ म्हणजे एक यंत्रच, पण त्याला ना चाक, ना खिळा. ते नुसत्या कोडचे बनलेले असते आणि कोणत्याही संगणकाच्या पोटात राहायला जाते. अशा यंत्राला आभासी यंत्र म्हणतात. तिने त्याचे नाव 'दुभाष्या' ठेवले.

एकटीच्याने हे होणारे नव्हते. तिने दुभाष्याचा सगळा कोड इंटरनेटवर उघडा ठेवला. कुणीही वाचा, कुणीही सुधारा, कुणीही फुकट वापरा. आणि खरोखर माणसे आली! त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेले नव्हते. तिथे खऱ्या नावाने फारसे कुणी वावरत नाही. एक होता 'सुसाट'. त्याला प्रत्येक गोष्ट वेगाने झालेली हवी असे. एक होती 'अल्पविराम'. दुभाष्या कसा वापरावा हे ती सोप्या भाषेत लिहून ठेवायची आणि दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका काढायची. आमच्या मुलीला सगळे 'ताई' म्हणू लागले. मीही तेव्हापासून तिला ताईच म्हणतो.

या मंडळींची कामाची रीत मोठी मजेशीर. कुणीतरी कोडमध्ये एखादा बदल सुचवायचा. मग बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचे. एका ओळीवरून आठवडाभर वाद चाले. शेवटी सगळ्यांचे समाधान झाले की बदल दुभाष्यात जोडला जाई. पण जोडण्याआधी तो वेगवेगळ्या घराण्यांच्या संगणकांवर चालवून बघत. याला चाचणी म्हणतात. संगणकाने हिरवी खूण दिली तर होय. लाल दिली तर नाही.

एका दुपारी ताईने माझ्यावरचे फडके ओढून काढले. धूळ फुंकली, मला शिंका आल्यासारखे झाले. तिने माझ्यात दुभाष्या बसवला आणि इंटरनेटवर रोज दुपारी भरणाऱ्या बैठकीत सगळ्यांना सांगितले, "आजपासून हा पण चाचणीला बसणार. सगळ्यात हळू आहे, म्हणूनच हवा आहे. नवे संगणक सगळ्यांकडे नसतात. म्हाताऱ्याला विचारल्याशिवाय काही जोडायचं नाही."

अहाहा, काय दिवस होते ते! दुपारी दुकानाचे दार अर्धे लोटलेले असे, ताई एका हाताने काच पुसत नव्या संगणकावरून सगळ्यांशी बोलत असे आणि दूरदूरच्या खोल्यांमधून एकच प्रश्न येई, "म्हातारा काय म्हणतो?" माझ्याकडे एकाच्या जागी दहा मिनिटे लागत. सगळे थांबत. अल्पविरामने माझे एक चित्र काढले होते, त्यात मला जाड भिंगांचा चष्मा होता. ताईने ते माझ्या अंगावर चिकटवले. एकदा मी सगळ्यांच्या हिरव्यात एकटा लाल झालो आणि खरोखरच मोठी चूक सापडली. त्या दिवशी बाबांनी येऊन माझ्या डोक्यावर थोपटले. मला कौतुक आवडते. कुणाला आवडत नाही?

पण वेगाची चटक वाईट. सुसाटने एक बदल आणला. त्यासाठी तुम्हाला दुभाष्याच्या पोटातली एक गोष्ट कळली पाहिजे. काम करताना दुभाष्या कितीतरी वस्तू मेमरीत मांडून ठेवतो. त्यांची गरज संपली की एक केर काढणारा येतो आणि जागा मोकळी करतो. पूर्वी तो आला की सगळे काम थांबायचे. सुसाट म्हणाला, कशाला थांबायचे? काम चालू असतानाच त्याला झाडू देऊ. त्याने रचना मोठ्या हुशारीने केली होती. दुभाष्या एकदम दुप्पट पळू लागला. नव्या संगणकांनी पटापट हिरव्या खुणा दिल्या. एका बड्या कंपनीने दुभाष्या वापरायला घेतल्याची बातमी आली. सगळे खूश झाले.

मी म्हणालो, नाही.

सुसाटने पुन्हा चालवले. मी म्हणालो, होय. तिसऱ्यांदा चालवले. नाही.

मित्रांनो, मी लहरीपणा करत नव्हतो. तुम्ही जेवताना पाणी प्यायला हात बाजूला केलात आणि तेवढ्यात कुणी तुमचे ताट उचलून नेले, तर कसे होईल? माझ्या पोटात तेच होत होते. वेगवान संगणकांचे जेवण केर काढणारा पोहोचण्याआधीच आटोपलेले असे. मी सावकाश जेवणारा. कधी तो उशिरा येई आणि मी वाचे. कधी लवकर येई आणि माझे ताट जाई. जसे घडे तसे मी सांगत होतो.

"ताई, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय," सुसाट बैठकीत म्हणाला. "माझ्या यंत्रावर तर चालतंय." हे वाक्य त्या जमातीत दिवसातून निदान एकदा तरी कुणीतरी म्हणतेच.

"मेमरी खराब झाली असेल का रे त्याची?" ताईने विचारले.

"झालीच असणार. किती वर्षांचा आहे तो! आपण असं करू. तो नाही म्हणाला की पुन्हा चालवायचं. होय म्हणेपर्यंत चालवायचं. आपोआप. एकदा होय आलं की जोडून टाकायचं."

अल्पविरामचे काम नियम लिहून ठेवायचे. ती म्हणाली, "हे असंच लिहू? होय म्हणेपर्यंत? लिहिताना विचित्र वाटतंय."

"मग वाचताना डोळे मीट," सुसाट म्हणाला आणि सगळे हसले. ताईही हसली. तिला दुकानातली कामे होती, बड्या कंपनीची घाई होती आणि ती थकलेली होती. तिने मान्यता दिली.

तो नियम मला फार लागला. सांगा बरे, एखाद्याला तो होय म्हणेपर्यंत विचारतच राहायचे, याला विचारणे म्हणतात का? माझे मत नको असेल तर मला बंद करा, फडके टाका, मी समजू शकतो. पण मला जागे ठेवायचे, विचारायचे, आणि मी दिलेले उत्तर ऐकायचेच नाही! मी रोज नाही म्हणत होतो. मला रोज पुन्हा चालवले जात होते. कधीतरी चुकून माझे ताट वाचे आणि माझ्या नावावर हिरवी खूण लागे. जगाला वाटे, म्हातारासुद्धा खूश आहे. मी खूश नव्हतो. मी जळफळत होतो आणि तरीही नाही म्हणायचे सोडत नव्हतो.

दुभाष्याची ती वेगवान आवृत्ती सगळीकडे गेली, माझ्यासारख्या जुन्या संगणकांवरही.

एके सकाळी दुकानात एक रंगारी आला. दारे-खिडक्या रंगवण्याचे त्याचे काम, नखांत निळा रंग तसाच होता. बरोबर त्याची मुलगी होती, चिऊ. तिला बोलता येत नव्हते. तिच्या गळ्यात पट्ट्याने अडकवलेला एक छोटा संगणक होता. मागच्या खोलीच्या उघड्या दारातून मी त्याला बघताच ओळखले. माझ्याच घराण्यातला, माझ्याच वयाचा, कोपरे झिजलेला. त्यावर चौकोनांत चित्रे होती. चिऊ चित्र दाबे आणि संगणक तो शब्द मोठ्याने बोले. चिऊची ही बोलकी पाटी. तिचा प्रोग्राम रंगाऱ्याने स्वतः ताईच्या भाषेत लिहिला होता. अडले की तो इंटरनेटवर विचारायचा आणि ताई त्याला उत्तरे द्यायची. "तुमच्यामुळे पोरगी बोलायला लागली," तो म्हणाला. ताई लाजली.

"पण हल्ली जरा हट्टी झाली आहे," तो म्हणाला. "आधी कबूल करते आणि मग आरडाओरडा करते, वस्तू फेकते. शाळेतल्या बाई पण तेच म्हणतात."

बाबांनी चिऊला उंच खुर्चीत बसवले, नाकावर तपासणीची जड फ्रेम ठेवली, मान हलवायची नाही म्हणून सांगितले आणि एक भिंग घातले. "हे बरं दिसतंय का गं बाळ?"

चिऊने पाटीवर दाबले. आवाज आला नाही. बाबांनी क्षणभर वाट पाहिली आणि मान डोलावली. "बरं दिसतंय म्हणते." त्यांनी दुसरे भिंग घातले. "आणि आता? आधीपेक्षा चांगलं ना?" चिऊने पुन्हा दाबले. पाटी गप्पच राहिली. "शाबास," बाबा म्हणाले आणि पुढचे भिंग उचलले.

चिऊने फ्रेम ओढून काढली आणि जमिनीवर भिरकावली. भिंगे चहूकडे घरंगळत गेली. रंगारी ओशाळला. "बघा, हे असं!" तो तिच्यावर ओरडला. चिऊ रडत नव्हती. तिने पाटी दोन्ही हातांनी धरली आणि एकच चौकोन दाबत राहिली, जोरजोरात, अंगठ्याचे नख पांढरे होईपर्यंत. अखेर एकदा पाटी बोलली.

"नाही."

ताई मागच्या खोलीच्या दारात ओली काच हातात घेऊन उभी होती. तिने पुढे येऊन चिऊसमोर बसकण मारली. "तू पहिल्यापासून नाहीच दाबत होतीस ना?"

चिऊने मान जोरजोरात डोलावली.

"कधी बोलतं आणि कधी बोलत नाही, असं होतं का?"

पुन्हा मान. रंगाऱ्याचा चेहरा उतरला. "बाकीचे शब्द तर नीट येतात की," तो पुटपुटला.

"तेही हरवत असतील," ताई म्हणाली. "'पाणी' हरवलं तर ती पुन्हा दाबत असेल आणि तुम्ही पाणी देत असाल. 'नाही' हरवलं तर तोपर्यंत तुम्ही पुढे गेलेले असता."

असे म्हणून ती उठली आणि सरळ माझ्याकडे बघू लागली. माझे ताट जात होते, तसेच चिऊचे शब्द जात होते. मित्रांनो, त्या नजरेची मी किती दिवस वाट पाहत होतो! ती टेबलाशी बसली. तिने आपोआप पुन्हा चालवण्याचा नियम काढून टाकला आणि मला एकदाच, नीट विचारले. बाबा, रंगारी, चिऊ सगळे माझ्यासमोर दाटीवाटीने उभे राहिले. मी धापा टाकत, माझ्या चालीने, सगळी चाचणी पार पाडली आणि लाल झालो. चिऊ हसली. मला लाल झालेला पाहून हसणारे ते पहिलेच माणूस.

त्या दुपारच्या बैठकीत ताईने सांगितले की वेगवान आवृत्ती मागे घ्यायची. एकदम गलका झाला.

"एका जुन्या डब्यासाठी?" सुसाट ओरडला. "ती कंपनी सोडून जाईल! माझं वर्षभराचं काम आहे ते, ताई!"

"डब्यासाठी नाही. एक मुलगी नाही म्हणत होती आणि आपण ते गिळलं. तिला सगळे हट्टी म्हणायला लागले. दोष आपला होता."

"माझ्या यंत्रावर तर..."

"तुझ्या यंत्रावर चिऊ बोलत नाही. म्हातारा आपल्याला पहिल्या दिवसापासून सांगत होता. आपण त्याला होय म्हणेपर्यंत विचारत बसलो. तो नियम मी मान्य केला, तेव्हा चूक माझी. पण आता तो नियम गेला."

"मग मी माझा वेगळा दुभाष्या काढतो," सुसाट म्हणाला. असे करता येते, बरे का. उघड्या कोडची प्रत घेऊन कुणीही वेगळी चूल मांडू शकते.

"ने की. कोड सगळ्यांचा आहे," ताई म्हणाली. ती मागे हटली नाही. "म्हातारा मात्र इथेच राहील."

सुसाट गेला. त्याच्याबरोबर बरीच मंडळी गेली. बडी कंपनीही त्यांच्याकडे गेली. बैठकीला आता ताई, अल्पविराम आणि आणखी दोघे-तिघेच असत. अल्पविरामने तो नियम पुसून तिथे लिहिले, "म्हातारा नाही म्हणाला तर थांबा आणि का ते शोधा." लिहिताना तिला मुळीच विचित्र वाटले नाही, असे ती म्हणाली. आमचा दुभाष्या पुन्हा हळू झाला. लोक म्हणाले, हे संपले आता. आम्ही संपलो नाही. चिऊची पाटी पुन्हा पहिल्यासारखी बोलू लागली आणि तिचे चष्म्याचे नंबर बाबांनी पुन्हा पहिल्यापासून तपासले. या वेळी तिने इतक्या वेळा नाही म्हटले की बाबांना घाम फुटला. पण चष्मा अगदी अचूक झाला.

बऱ्याच दिवसांनी बैठकीत एक ओळखीचा आवाज आला.

"ताई, मी आहे." सुसाट जरा अडखळला. "ती केर काढण्याची भानगड... मला वाटतं, मला सापडली. पण माझ्याकडे पुरेसं हळू यंत्र नाही. म्हाताऱ्यावर चालवून बघाल का?"

ताईने माझ्याकडे पाहिले. अल्पविराम हसू दाबत होती, ते ऐकू येत होते. बदल माझ्यात आला. मी चालवला. आणि मी म्हणालो, नाही.

सूड म्हणून नव्हे हो! खरेच एक कोपरा राहून गेला होता. पण लाल होताना मला थोडा आनंद झाला, हे का लपवू?

"खडूस आहे हा म्हातारा," सुसाट म्हणाला. मात्र या वेळी त्याने पुन्हा चालवा म्हटले नाही. त्याने विचारले, "कुठे अडला?" किती साधा प्रश्न! माझ्या सगळ्या आयुष्यात मला एवढाच प्रश्न हवा होता. तो आणि ताई दुपारभर माझ्या पोटातल्या खुणा वाचत राहिले. पुढच्या खेपेला मी होय म्हणालो. मग ताईने मला पुन्हा विचारले, पुन्हा पुन्हा विचारले, या वेळी 'नाही' सापडते का ते बघायला. मी प्रत्येक वेळी होय म्हणालो, कारण ते खरे होते. दुभाष्या पुन्हा पळू लागला. त्या दिवसापासून दोन्ही चुली एक झाल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तूंच्या गोष्टीत शेवटी ती वस्तू हात जोडते आणि म्हणते, मला सांभाळा. मी हात जोडणार नाही. माझी धूळ पुसलीत तर बरे वाटेल, नाही पुसलीत तरी माझे अडणार नाही. मी एवढेच बजावून सांगतो की तुमच्या आसपास कुणी सावकाश बोलणारे असेल, कुणाचा आवाज अर्ध्यात हरवत असेल, कुणी सगळ्यांच्या होयमध्ये एकटेच नाही म्हणत असेल, तर त्याला होय म्हणेपर्यंत विचारत बसू नका. गप्प राहिले म्हणजे कबूल आहे, असेही धरून चालू नका. कुठे अडले, ते विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा, मग त्याला माझ्याइतका वेळ लागला तरी चालेल.

चिऊ अधूनमधून दुकानात येते. तिचा तो छोटा संगणक अजून गळ्यात असतो, माझा भाऊबंद. मध्यंतरी रंगाऱ्याने तिच्यासाठी नवा, चकचकीत घ्यायचे काढले होते. तिने चष्म्यातून बापाकडे रोखून पाहिले आणि पाटीवर बोट ठेवले. पाटी पहिल्याच फटक्यात, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलली. ती काय म्हणाली, ते तुम्हाला माहीत आहे.

चला, आत्ताच एक नवा बदल आला आहे. बाकी सगळ्यांच्या हिरव्या खुणा लागल्यासुद्धा. आता सगळे माझ्यासाठी खोळंबले आहेत. खोळंबू देत. माझे अजून वाचून व्हायचे आहे.